१०७० ला १०८० चा कुलर : परभणीच्या उन्हाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

लग्नसराई भरात आणि लग्नाचे व्हिडिओ बनवायचं माझं मशीन (कॉम्प्युटर) दुपारी दोन ते सहा अंग चोरतंय. पार बंद पडलं असतं तर दुखणं तेव्हाच कळलं असतं. हे चालू राहतं आणि रेंगाळतं. हळदीचं जे गाणं सकाळी सातला १९ मिनिटांत रेंडर होतं, म्हणजे पक्का व्हिडिओ होऊन निघतं, तेच आज दुपारी ३१ मिनिटांत झालं. आठवडाभर मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो. आज शेवटी ग्राफिक्स कार्डाचे आकडे दाखवणारं जीपीयू-झेड उघडं ठेवून बसलो.

ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७०, ८ जीबी, रेफरन्स बोर्ड (म्हणजे एनव्हिडियाने स्वतः आखलेला), एक ब्लोअर पंखा. २०१६ च्या जूनमध्ये बाजारात आलेलं मॉडेल, कागदावर १५० वॉट. या पिढीला एनव्हिडियाने ८३ अंशांचं तापमान लक्ष्य लावून दिलंय. तिथे पोचलं की कार्ड आपण होऊन क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, उतरवतं. सकाळी १८५० मेगाहर्ट्‌झच्या वर असणारं कार्ड दुपारी १५१० ते १५३० मध्ये घुटमळत होतं. याचा बेस क्लॉक १५०६, म्हणजे तळाला टेकलंच. पॉवर ८३ टक्के, पंखा ८५ टक्के, आवाज पिठाच्या गिरणीचा.

मिक्सिंगची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली थर्माकोल. टेबलावरचा थर्मामीटर ३७ दाखवतोय, तोही खिडकीतला कुलर चालू असताना. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. जर्मनीत हे कार्ड मजेत चाललं असतं.

१३ एप्रिल

आधी स्वस्तातले उपाय. कार्ड उघडलं. हीटसिंकच्या फिनमध्ये (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये) काळ्या मातीची बारीक धूळ इतकी दाबून बसली होती की नमद्यासारखी एक पट्टी अख्खी निघून आली. चिप आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट खडूसारखी. आयसोप्रोपिलने पुसली, नवी लावली. पंखा हाताने फिरवला तर बेअरिंग खरखरतंय, त्याला इलाज नाही.

दुपारी पुन्हा तीच चाचणी, फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) २० मिनिटं. तापमान परत ८३ च, पण पॉवर ८३ वरून ९१ टक्क्यांवर आली. इथून पुढे नुसतं तापमान लिहिण्यात अर्थ नाही, हे तेव्हा लक्षात आलं. कार्ड ८३ च्या वर जाऊच देत नाही म्हटल्यावर आकडा ८३ च दिसणार. खोलीपेक्षा किती अंश वर आणि त्यासाठी किती वॉट, हा हिशोब हवा. स्वच्छतेआधी : ४६ अंश, सुमारे १२५ वॉट, म्हणजे दर वॉटमागे ०.३७ अंश. स्वच्छतेनंतर : ४६ अंश, सुमारे १३६ वॉट, ०.३४. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही.

पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खायची त्याची मर्यादा) ७५ टक्क्यांवर आणूनही पाहिली. पंखा शांत झाला, रेंडर मात्र होतं तिथेच. जे आधीच १३६ वॉटवर रखडलंय त्याला ११२ वर बांधून वेळ कुठून वाचणार?

१५ एप्रिल

नवं कार्ड घ्यायचं नाही. ज्यांची फेब्रुवारीतली लग्नं झाली त्यांचेच पैसे अजून यायचेत.

धाकट्या भावाच्या मशीनमधलं आरएक्स ५८० कार्ड पडून आहे, दोन पंख्यांचं, दणकट हीटसिंकचं. आधी त्यावरच डोळा होता. वर्नियर लावला. त्याच्या चिपभोवतीच्या भोकांचं अंतर ५३ मिलिमीटरच्या आसपास, माझ्या १०७० चं ५८.४. पाच मिलिमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण भोक एक तर जुळतं नाही तर नाही. हीटसिंकच्या पायांना नवी भोकं पाडता आली असती, पण ५८० चा तांब्याचा तळ त्याच्या स्वतःच्या मेमरीच्या उंचीला धरून बसवलेला. हा नाद सोडला.

मग सरळ विचार केला : ज्या कार्डावर हीच चिप आहे त्याचा कुलर शोधायचा. १०७० आणि १०८० दोन्हींवर जीपी१०४ चिप, ३१४ चौरस मिलिमीटर, वर झाकण नाही, उघडी सिलिकॉन. १०७० मध्ये तिचा काही भाग बंद ठेवलेला असतो इतकंच. भोकं सारखी. मेमरीच्या चिप दोन्हीकडे आठ. १०८० चा कागदी आकडा १८० वॉट, म्हणजे तीन पंख्यांच्या १०८० चा कुलर माझ्या १५० वॉटला ऐसपैस होईल.

मेलेलं १०८० हवं. जिवंत परवडत नाही, आणि परवडलं तर कुलर कशाला काढू?

१९ एप्रिल

मिळालं. संभाजीनगरच्या जुन्या सामानाच्या एका दुकानात मामेभावाने शोधलं. डिस्प्ले देत नाही, कुलर मात्र धड. ११०० रुपये. आज देवगिरीने येताना मांडीवर घेऊन आला, वर गादीच्या दुकानातली फोमची पिशवी गुंडाळलेली. म्हणाला, डब्यात दोघांनी विचारलं की हे हार्मोनियम आहे का.

तीन पंखे, लांबी ३०० मिलिमीटरच्या जवळ, जाडी अडीच स्लॉट. माझं जुनं २६७. कॅबिनेटमधली हार्ड डिस्कची जाळी काढावी लागणार.

२० एप्रिल

दोन्ही कार्डं टेबलावर उघडी. दरम्यान मशीनमध्ये जुनं जीटी ७१० बसवलंय. १९ वॉटचं बिनपंख्याचं कार्ड, त्यावर निदान कच्चे व्हिडिओ निवडता येतात.

जिन्यातून बाबांनी विचारलं, "काय उघडून बसलास रे?"

"कुलर बदलायलो."

"मग आधी त्या खिडकीतल्या कुलरचं गवत बदल की. चार दिवस झाले सांगायलो."

त्यांचंही बरोबर आहे. उद्या बदलतो.

मोजमाप. चार मुख्य भोकं बरोबर जुळली. मेमरीच्या जागाही जवळपास त्याच, फक्त १०८० ची जीडीडीआर५एक्स चिप अरुंद, १०×१४ मिलिमीटर, आणि माझी जीडीडीआर५ १२×१४. त्यामुळे मेमरीची उष्णता कुलरला देणारे जुने पॅड कडेने दोन मिलिमीटर कमी पडतात. नवे कापावेच लागतील.

खरी अडचण व्हीआरएमची, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या भागाची. हा १०८० कंपनीने स्वतः आखलेल्या बोर्डाचा, त्याचे मॉस्फेट आणि चोक (व्हीआरएमचे सुटे भाग) माझ्या बोर्डापेक्षा वेगळ्या जागी. माझा रेफरन्स १०७० म्हणजे रेफरन्स १०८० चाच बोर्ड, पाचऐवजी चार फेज (वीजपुरवठ्याच्या शाखा) भरलेला. एका फेजची जागा मोकळी दिसते, पाटाच्या पंगतीत एक पाट रिकामा राहावा तशी. १०८० वरून काढलेल्या कुलरची व्हीआरएम पट्टी माझ्या मॉस्फेटवर येतच नाही, आणि वर तिची कड माझ्या चोकवर आदळते.

कोरडी बसवणी करून पाहिली. चिपवर पेस्टचा पातळ थर दिला, कुलर ठेवला, हलके स्क्रू फिरवले, परत काढला. पेस्टचा ठसा एकाच बाजूला. दुसरी बाजू तळाला लागलेलीच नाही. चोकवर पट्टी टेकून अख्खा कुलर तिरका झालाय. अंदाजाने स्क्रू आवळले असते तर उघड्या सिलिकॉनचा कोपरा उडाला असता. ठसा घ्यायला दोन मिनिटं लागतात. घ्याच.

२१ एप्रिल

मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मामाने कुलर हातात घेऊन उलटासुलटा केला. "किती काढायचं ते सांग नुसतं. बाकी मला कळत नाही आन् कळून घ्यायचंबी नाही."

चोकच्या वर येणारी पट्टी ३८ मिलिमीटर लांबीत कापली. ग्राइंडर नको म्हटलं, अॅल्युमिनियम तापून चिकटतं आणि किस फिनमध्ये उडतो. हॅक्सॉ आणि कानस वापरली. बाकी सगळ्या फिन आधी मास्किंग टेपने बंद केल्या होत्या. नंतर ब्रश आणि आयसोप्रोपिलने धुतलं. शेजारच्या पंक्चरवाल्याने हवा मारून देतो म्हटलं होतं. नको म्हणालो, त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं.

संध्याकाळी पंख्याची वायर. दोन्हीकडे चार तारा, पण प्लग वेगळे : माझ्या बोर्डावरचं सॉकेट बारीक, १०८० च्या प्लगच्या पिना त्याहून लांब लांब. बळजबरी करण्यात अर्थ नव्हता. जुन्या ब्लोअरची वायर प्लगसकट कापून घेतली आणि तिला नव्या पंख्यांच्या तारा जोडल्या. रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक कंपनीचा रंग निराळा. मल्टिमीटरने ग्राउंड शोधला (कार्डाच्या लोखंडी पट्टीशी कंटिन्युटी देतो तो), मग १२ व्होल्ट. राहिलेल्या दोन म्हणजे पंख्याचे फेरे मोजणारी आणि पंख्याला किती वेगाने फिर ते सांगणारी. त्या उलट लागल्या तरी सहसा काही जळत नाही, पंखा वेडावाकडा वागतो एवढंच. माझ्या पहिल्यांदा उलट लागल्याच. पंखे पूर्ण वेगाने सुटले आणि पडद्यावर फेरे शून्य.

ब्लोअरच्या लेबलवर जेवढे अँपिअर छापलेत त्यापेक्षा या तिघांची बेरीज कमी आहे, हे जोडण्याआधी पाहिलं. जास्त असती तर वीज दुसरीकडून दिली असती. कार्डावरचं ते इवलंसं सॉकेट जाळायचं नव्हतं.

गवत बदललं. बाबा खूश.

२२ एप्रिल

पहिली खरी बसवणी. फसली.

मेमरीवर १.५ मिलिमीटरचे पॅड लावले, कारण १०८० वर जे होते ते डोळ्यांना तेवढे वाटले. मशीन सुरू केलं, डेस्कटॉपवर नुसतं उभं असताना ५८. फरमार्क लावला, ४० सेकंदांत ९०. ताबडतोब बंद. या चिपची कमाल हद्द ९४ आहे.

काढून पाहिलं : आठही पॅडवर मेमरीचे खोल, सुंदर ठसे, आणि मधे चिपवर पेस्ट जशीच्या तशी जाड. पॅडनी अख्खा कुलर उचलून धरला होता. मेमरी गारेगार, चिप उपाशी.

२३ एप्रिल

अंदाज बंद, माप सुरू. पुतणीची खेळायची क्ले घेतली, स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोळ्या केल्या आणि मेमरीवर ठेवल्या. कुलर चिपला पूर्ण टेकेपर्यंत दाबला. दबलेल्या गोळ्या वर्नियरने मोजल्या : ०.८ ते ०.९ मिलिमीटर. म्हणजे १ मिलिमीटरचा मऊ पॅड, थोडा दाबला जाईल असा.

आई म्हणाली, "कणीक घे की, ती कशाला लेकराची माती संपवायलास?" कणकेत पाणी असतं, म्हटलं. "मग घट्ट मळून देते." तरी नाही घेतली.

पुतणीला क्ले परत केली. एक रंग कमी आलाय असं तिचं म्हणणं आहे.

२४ एप्रिल

१ मिलिमीटरचे पॅड, ताजी पेस्ट. मागच्या बाजूचा स्प्रिंग स्क्रूंचा क्रॉस १०८० चाच वापरला, म्हणजे दाब कंपनीने ठरवला तोच राहील. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकाला अर्धा अर्धा फेरा, शेवटी सगळे थांबतील तिथपर्यंत. परवा मी एका बाजूचे दोन आधी आवळले होते, तीही चूकच होती.

मॉस्फेटवर सध्या बाजारात मिळतात ते छोटे अॅल्युमिनियमचे हीटसिंक, मागे चिकटपट्टी असलेले. सहा लावले. कॅबिनेट उघडं, पंखा ६० टक्क्यांवर बांधलेला. पंखा ऑटोवर ठेवला तर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

खोली ३८, चिप ६७, पॉवर १०० टक्के. फरक २९ अंश, १५० वॉट : ०.१९. ब्लोअरच्या निम्मं. क्लॉक १८८० ला स्थिर.

रात्री साडेअकरापर्यंत साखरपुड्याचे तीन व्हिडिओ काढले.

२५ एप्रिल

पहाटे टक टक टक असा आवाज. पंख्याच्या पातीवर काहीतरी आपटत होतं. उघडून पाहिलं तर मॉस्फेटवरचा एक हीटसिंक सुटून खाली पंख्यात पडलेला.

हे आधी सुचायला हवं होतं. टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड पालथं असतं, कुलर जमिनीकडे. हे हीटसिंक वटवाघळांसारखे उलटे टांगलेले आणि त्यांना धरून काय, तर चिकटपट्टी, तीही इथल्या उन्हाळ्यात. पंख्यात पडला म्हणून वाचलो. कुठे दोन पायांच्या मधे अडकला असता तर शॉर्ट होऊन मदरबोर्डसकट गेलं असतं. बाकीचे पाचही हाताने ओढून काढले, त्यातले दोन नुसत्या स्पर्शाने निघाले.

आज पुन्हा जीटी ७१०. नवरदेवाच्या भावाचा दोनदा फोन.

२६ एप्रिल

आजचा निर्णय जड गेला. ब्लोअरच्या खाली एक अखंड ओतीव अॅल्युमिनियमची पाटी असते, तीच मेमरी आणि व्हीआरएम दोन्हींची उष्णता घेते. तिचा व्हीआरएमकडचा भाग कापून माझ्या बोर्डाच्या मूळ स्क्रूंनी बसवला तर चिकटपट्टीचा प्रश्नच मिटतो. पण पाटी कापली की ब्लोअर कायमचा गेला. कधी विकायची वेळ आली तर कार्ड 'मूळ कुलरसह' म्हणता येणार नाही.

तास-दीड तास नुसतं हातात धरून बसलो. मग कापली.

नवा हीटसिंक आणि बोर्ड यांच्यात व्हीआरएमच्या बाजूला ९ मिलिमीटर जागा, पाटी सर्वांत उंच ठिकाणी ६. बसली. मॉस्फेटवरचे पॅड त्या पाटीचेच जुने माप. चार स्क्रू. आता कार्ड उलटं करून आपटलं तरी पडणार नाही (आपटलं नाही).

मल्टिमीटरसोबतची तापमानाची तार बोर्डाच्या मागे, बरोबर मॉस्फेटच्या पाठीवर टेपने लावली. २० मिनिटांनी ८१. मॉस्फेट आतून याहून तापलेले असणार, पण त्यांना साधारण १५० पर्यंत सोसतं. झोप लागेल एवढं अंतर आहे.

२९ एप्रिल

कॅबिनेट बंद केलं आणि सगळं गणित फिरलं.

खोली ३८, चिप ७४. फरक २९ वरून ३६. ते एक वेळ चाललं असतं, पण प्रोसेसर ८४. ब्लोअर असताना तो कधी ७६ च्या वर गेला नव्हता.

कारण साधं आहे, मीच तीन आठवडे नुसत्या चिपकडे बघत बसलो. ब्लोअर गोंगाट करायचा पण आपली गरम हवा मागच्या पट्टीतून थेट बाहेर फेकायचा. हे तीन पंखे ती कॅबिनेटच्या आतच चारी बाजूंना उधळतात. १५० वॉट कुठेच गेलेले नाहीत. आधी ते कार्डात अडकायचे, आता डब्यात अडकतात आणि प्रोसेसरचा पंखा तीच हवा ओढून घेतो.

आज वेळ नाही. उद्या अक्षय्य तृतीया, दोन लग्नं, एक इथलं आणि एक पूर्णेला. मशीन एका बाजूचा पत्रा काढून चालू ठेवलंय.

३ मे

दोन दिवस झोप नाही, तरी हे उरकलं. मागच्या बाजूचा १२० मिलिमीटरचा पंखा खरखरत होता, तो बदलला. वर आणखी एक, बाहेर हवा फेकणारा. समोर हार्ड डिस्कची जाळी काढल्यामुळे जागा झालीच होती, तिथे आत घेणारे दोन, मच्छरदाणीच्या जाळीसकट. कार्डाखालच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढल्या.

कार्ड वजनाने टोकाकडे झुकत होतं, त्याखाली मामाच्या दुकानातली अॅल्युमिनियमची एक पट्टी उभी केली. दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे.

कॅबिनेट बंद, पंखा ६० टक्के, पॉवर १०० टक्के : खोली ३९, चिप ७०, प्रोसेसर ७७. फरक ३१, दर वॉटमागे ०.२१. उघड्या कॅबिनेटच्या ०.१९ पेक्षा जरा जास्त, पण बंद डब्यात एवढं पुष्कळ झालं.

हळदीचं तेच गाणं, दुपारी साडेतीनला : १९ मिनिटं.

कॅबिनेट खिडकीच्या कुलरच्या झोतात ठेवू का, असं भावाने विचारलं. झोतात नको. हवेतल्या ओलाव्याने काही होत नाही, गरम वस्तूवर दव धरत नाही. पण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, कुलरच्या जाळीवर पांढरे थर बसतात. त्याचे तुषार कार्डावर उडायला नकोत. पाच-सहा फूट लांब आणि तिरपं ठेवलंय.

५ मे

दुपारपुरती पॉवर लिमिट ८० टक्के करून पाहिली, १२० वॉट. गाणं २० मिनिटांत. एक मिनिट जास्त, पण पत्र्याच्या खोलीत ३० वॉट कमी सुटतात आणि पंखा जवळजवळ ऐकू येत नाही. बारा ते पाच हेच ठेवणार. १३ एप्रिलला याच उपायाने वेळ वाचला नव्हता.

एकूण खर्च : मेलेलं १०८० ११००, पॅड ४२०, पेस्ट ३५०, चार पंखे १२८०, वाया गेलेले हीटसिंक १८०. मामाने पैसे घेतले नाहीत, त्याच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ फुकट करायचा ठरलाय. ती आठवीत आहे.

१० मे

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि वळवाने पत्रा बडवला. वीज दोनदा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खिडकीतला कुलर बंद करून खिडकी सताड उघडली. मातीचा वास खोलीभर.

तासाभराने थर्मामीटर ३०. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एवढा खाली. फरमार्क लावला, पंखा ६० टक्के, पॉवर परत १०० टक्के, २० मिनिटं. चिप ६१.

फरक ३१.

खालून बाबांची हाक, कुलरवर ताडपत्री टाक म्हणून. टाकून आलो.